जुना पिकअप ऑटोक्रॉसला उतरवताना: आधी उंची, मग टायर, शेवटी इंजिन

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याने 1985 सालचा, आखूड हौद्याचा शेवरोले सी-10 पिकअप घेतला आहे. गाडीला 305 घन इंचांचे व्ही-8 इंजिन आहे, 700-आर-4 हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, उंची कारखान्यातून आली तशीच आहे आणि चाके 15 इंची आहेत. येत्या हंगामात ही गाडी ऑटोक्रॉसला उतरवायची आहे. आधी चिकट रबराचे टायर घ्यावेत, मग 350 घन इंचांचे इंजिन बसवावे आणि सस्पेन्शनचे काम पुढच्या वर्षी हाती घ्यावे असा त्यांचा बेत असून, हा क्रम योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की हा क्रम बदलावा: सस्पेन्शन आणि उंची आधी, मग टायर, इंजिन शेवटी. सी-10 पिकअपवर मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि माझा स्वतःचा 1978 चा पिकअप याच खेळासाठी तयार केलेला आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. चिकट टायर घालून मूळ उंचीचा पिकअप ऑटोक्रॉसच्या मार्गावरील शंकूंमध्ये घालणे हा वेळेचा किंवा पैशांचा प्रश्न उरत नाही. तो गाडी कलंडण्याचा प्रश्न होतो.

भारतात आणि युरोपात ऑटोक्रॉस म्हटले की मातीचा ट्रॅक डोळ्यांपुढे येतो, म्हणून नव्या वाचकांसाठी एवढे सांगतो की अमेरिकेतील ऑटोक्रॉस हा डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे मोठे वाहनतळ किंवा जुन्या धावपट्टीवर, नारिंगी शंकू मांडून खेळला जातो. एका वेळी आपली एकच गाडी घड्याळाशी झुंजत असते, एक फेरी साधारण मिनिटभरात संपते, शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड बसतो आणि वेग क्वचितच ताशी 65 मैलांच्या वर जातो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या प्रादेशिक शाखा हे कार्यक्रम घेतात. त्या मिनिटभरात गाडी सरळ अशी जवळजवळ धावतच नाही; डावी-उजवीकडे वजन फेकणे हाच सारा खेळ असतो. त्यामुळे सामान वाहण्यासाठी उंच बांधलेली, पुढे जड आणि मागे हलकी असलेली गाडी इथे कुठे कमी पडेल, हे आधी आकड्यांत पाहू.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने वाहन कलंडण्याचा धोका मोजण्यासाठी एक साधे गुणोत्तर वापरले आहे: दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. बहुतेक मोटारींमध्ये हा आकडा 1.30 ते 1.50 येतो, तर उंच पिकअप आणि एसयूव्हींमध्ये 1.00 ते 1.30. या आकड्याचा अर्थ सरळ आहे. गाडी एखाद्या ठोकळ्यासारखी ताठ आहे असे मानले, तर गुरुत्वाकर्षणाच्या जितक्या पटीने तिच्यावर आडवे बल आले की आतली चाके जमीन सोडतील, तितका तो आकडा असतो. तुमच्या गाडीच्या चाकांची सरासरी रुंदी 64 इंच आणि गुरुत्वमध्य 27 इंचांवर आहे असे धरून चाला. 32 भागिले 27 म्हणजे 1.19. प्रत्यक्षात सस्पेन्शन झुकते, टायरची बाजू दबते, गुरुत्वमध्य बाहेरच्या अंगाला सरकतो, म्हणून खरी मर्यादा याहून खाली असते. आता 200 ट्रेडवेअरचा (झिजेचा हा आकडा जितका कमी, तितके रबर चिकट) चांगला टायर कोरड्या काँक्रीटवर 1.1 पटीच्या आसपास सहज पकड देतो. म्हणजे कारखान्याच्या टायरवर जी गाडी वळणात आधी घसरली असती, आणि घसरणे हीच तिची सुरक्षितता होती, तीच गाडी नव्या टायरवर घसरण्याऐवजी उचलली जाईल.

गुरुत्वमध्य चार इंच खाली आणला तर 32 भागिले 23, म्हणजे 1.39. रुंद चाकांनी दोन्ही बाजूंना एकेक इंच मिळवला तर 33 भागिले 23, म्हणजे 1.43. ही एखाद्या सेदानची संख्या झाली. इंजिनाला हातही न लावता तुम्ही गाडीची जात बदलली.

हा हिशेब मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. पहिल्या हंगामात माझ्या पिकअपला मी टायर आधी घातले होते आणि उंची नंतर कमी करू असे ठरवले होते. तिसऱ्या फेरीत एका लांब डाव्या वळणातून डावीकडचे शंकू चाटत निघालो आणि मला गाडी उत्तम चालली असे वाटले. परत आल्यावर सुरक्षा अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र दाखवले: डावीकडची दोन्ही चाके जमिनीपासून चार बोटे वर होती आणि त्यांच्या खालून पलीकडचा शंकू स्पष्ट दिसत होता. त्यांनी त्या दिवसापुरती गाडी थांबवली आणि ते पूर्णपणे बरोबर होते. आत बसलेल्याला ते कळत नाही, हे त्या छायाचित्राने मला शिकवले. उंच आणि अरुंद वाहन नाकारण्याचा अधिकार आयोजकांना असतो, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी गाडीची उंची आणि चाकांमधील रुंदी मोजून, एक छायाचित्र जोडून, आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे.

उंची कमी करण्याच्याही आधी गाडीच्या खाली जाऊन एक पूर्ण दिवस घालवावा लागेल. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि चाळीस वर्षांच्या पिकअपच्या चासीने ते सारे मीठ खाल्लेले असते. सी-10 ची चासी इंग्रजी सी अक्षरासारख्या उघड्या पन्हळीची आहे. ती पिळवटते आणि पिळवटताना आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट सैल होतात. तारेच्या ब्रशने घासून तीन जागा मुद्दाम पाहाव्यात: स्टिअरिंगची पेटी जिथे चासीला बोल्टने आवळलेली असते त्या भोकांभोवतीचा पत्रा, पुढच्या सस्पेन्शनची आडवी तुळई चासीला जिथे मिळते ते बोल्ट, आणि केबिन ज्या रबरी गाद्यांवर बसते तिथला गंज. स्टिअरिंगच्या पेटीपाशी केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिला रंगाला गेलेला तडा समजू नये. एखाद्याला बसवून इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोराने वळवायला सांगावे आणि आपण बोट त्या रेघेवर ठेवावे. भेग असेल तर बोटाखाली ती उघडझाप करताना जाणवते. अशी चासी आधी जाणकार वेल्डरकडून भरून, वर पत्र्याची पट्टी चढवून घ्यावी. ते झाल्याशिवाय या गाडीवर पुढचा एक डॉलरही खर्च करू नये.

त्याच दिवशी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, आयडलर आर्म आणि स्टिअरिंगच्या दांड्यातील रबरी जोड यांचा झोल पाहावा. आयडलर आर्म हा या गाड्यांचा जुना दुखणेकरी आहे. तो वर-खाली हलत असेल तर अ‍ॅलाइनमेंटच्या दुकानात कितीही अचूक आकडे लावून घेतले तरी पहिल्याच वळणात ते विस्कटतात. कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश तडकलेले असतील तर पुढची दोन्ही चाके ब्रेक लावताना आपापल्या मनाने तोंड फिरवतात. ते बदलून पॉलियुरेथेनचे घालावेत आणि त्यांना ग्रीस भरण्याची सोय असलेलेच घ्यावेत.

आता उंची. पुढे चार आणि मागे सहा इंच खाली, हे या पिढीच्या सी-10 साठी सर्वांत रुळलेले प्रमाण आहे आणि मी तेच सुचवतो, कारण मूळ गाडी मागून उंच उभी असते आणि या प्रमाणाने ती समपातळीवर येते. पुढचे चार इंच कसे मिळवायचे यात मात्र फार लोक चुकतात. नुसत्या स्प्रिंगच्या वेटोळ्या कापून गाडी बसवली तर कंट्रोल आर्मचे कोन बिघडतात, चाक वर जाताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन, हवा तसा बदलत नाही, आणि आर्म आधीच बंप स्टॉपला, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकल्यामुळे वळणाच्या मध्यात सस्पेन्शन संपून जाते. ज्या क्षणी सस्पेन्शन संपते त्या क्षणी त्या कोपऱ्याचा स्प्रिंगदर एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि पुढची पकड तुटते. म्हणून पहिले अडीच इंच ड्रॉप स्पिंडलने, म्हणजे चाक धरणाऱ्या वेगळ्या घडणीच्या भागाने, मिळवावेत. त्यात चाकाचा अक्ष स्पिंडलवरच वर सरकवलेला असतो, त्यामुळे आर्म मूळ कोनात राहतात आणि चाकाची वर-खाली हालचालही शाबूत राहते. उरलेला दीड इंच थोड्या आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगने भरावा. शॉकअब्सॉर्बर आखूड लांबीचेच घ्यावे लागतात. मूळ लांबीचे ठेवले तर ते आतून टेकतात आणि आतली झडप फुटते.

मागे सी-10 च्या या पिढीत कमानपाटे आहेत आणि मूळ रचनेत अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली बांधलेला असतो. अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर आणणारा फ्लिप किट बसवला की जवळपास सहा इंच मिळतात, परंतु मग अ‍ॅक्सल चासीला टेकतो, म्हणून चासीच्या दांड्यात खालच्या बाजूने अर्धगोल खाच कापून तिला जाड पत्र्याचे कवच बोल्टने बसवावे लागते. हा खर्च टाळू नये. खाच न घेतलेल्या गाडीत मागचा अ‍ॅक्सल जेव्हा चासीवर आदळतो तेव्हा मागचा भाग विनासूचना बाजूला निघतो. काम झाल्यावर अ‍ॅक्सलच्या नाकाचा कोन प्रोपेलर शाफ्टशी पुन्हा जुळवून घ्यावा.

या रचनेत एक लाभ आपोआप मिळतो, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा दोन इंच अधिक खाली गेला आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर 117.5 इंच आहे, म्हणजे सारी चासी जवळपास एक अंशाने मागे झुकली. तेवढाच, एक अंशाचा, कास्टर (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो मागे झुकण्याचा कोन) पुढच्या चाकांना फुकट मिळाला. मूळ आर्मनी कास्टर फार मिळत नाही, म्हणून हा अंश मोलाचा आहे. अ‍ॅलाइनमेंट करताना कॅम्बर उणे 2 अंश, कास्टर 5 अंश किंवा जितका मिळेल तितका, आणि टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे, एकूण एक षोडशांश इंच बाहेरच्या बाजूला, असे मागावे. गाडी रोज कामावरही नेणार असाल तर कॅम्बर उणे दीड आणि टो शून्य ठेवावा. टायरची आतली कड वाचेल. अनेक दुकानदार कारखान्याच्या आकड्यांपलीकडे जायला तयार नसतात. माझ्या गाडीचे काम एका दुकानात असेच झाले: आकडे लिहून दिलेले असताना त्यांनी सारे परत मूळ जागी आणून ठेवले आणि मला ते पहिल्या फेरीत समजले. तेव्हापासून मी छापील अहवाल हातात घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही.

पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे झुकणे रोखणारा दांडा, जाड घ्यावा, सव्वा इंचाचा चालेल. मागे बार लावण्याची घाई करू नये. रिकाम्या पिकअपच्या मागच्या आतल्या चाकावर वळणात आधीच फार थोडे वजन उरते; मागचा बार ते उरलेलेही उचलून घेतो आणि वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चाक जागेवर फिरत राहते. मागचे कमानपाटेही मुळात अर्ध्या टनाच्या मालासाठी घडवलेले असतात. हौदा रिकामा असताना ते इतके ताठ असतात की खडबडीत काँक्रीटवर मागचा भाग उड्या मारतो. माल वाहायचा नसेल तर खालचा जाड आधारपाटा काढून टाकावा, पाट्यांच्या टोकांमध्ये घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या घालाव्यात आणि चांगला, जुळवता येणारा शॉकअब्सॉर्बर लावावा. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार उपयोगी पडतो, पण तो दुसऱ्या वर्षीचे काम आहे. ज्यांच्याकडे 1967 ते 1972 मधील सी-10 आहे त्यांच्या मागे ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग असतात व आखूड पॅनहार्ड बार कारखान्यातूनच येतो. त्यांनी मात्र गाडी खाली घेताच तो बार लांब आणि जुळवता येणारा बसवावा, नाहीतर अ‍ॅक्सल एका बाजूला ओढला जातो.

वजनाचे काम मला सर्वांत आवडते, कारण त्यात खर्च कमी आणि लाभ निश्चित असतो. महामार्गावरील ट्रक थांब्यांवर जो वजनकाटा असतो तिथे पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोलून छापील चिठ्ठी देतात. माझ्या पिकअपची पहिली चिठ्ठी अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे: पुढे 2,280 पौंड, मागे 1,560 पौंड, एकूण 3,840. म्हणजे 59.4 टक्के वजन पुढे. सुमारे 40 पौंडांची बॅटरी मी पुढच्या कोपऱ्यातून काढून हौद्याच्या शेवटी, चासीच्या दोन दांड्यांमध्ये, बंद पेटीत बोल्टने बसवली. ती 130 इंच मागे गेली. 40 गुणिले 130 भागिले 117.5, म्हणजे 44 पौंड पुढच्या अ‍ॅक्सलवरून उतरून मागच्यावर जायला हवेत. काटा 20 पौंडांच्या टप्प्यांनी वजन दाखवतो. दुसऱ्या चिठ्ठीवर पुढे 2,240 आणि मागे 1,600 आले. हिशेब जुळला. बॅटरी मागे नेताना जाड केबल, बॅटरीजवळच मोठा फ्यूज आणि बाहेरून बंद करता येणारा स्विच हे तिन्ही हवेतच.

इंधनाच्या टाकीचा परिणाम याहून मोठा आहे. या पिढीत टाक्या चासीच्या दांड्यांच्या बाहेर, बाजूला टांगलेल्या असतात. त्या काढून शेवरोलेच्याच ब्लेझर एसयूव्हीसारखी टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, दोन दांड्यांच्या मध्ये बसवता येते. वजन मागे जाते आणि टाकी बाजूच्या धडकेपासूनही दूर होते. पहिल्या वर्षी हे करायचे नसेल आणि गाडीला दोन टाक्या असतील, तर चालक डावीकडे बसतो हे ध्यानात घेऊन इंधन उजव्या टाकीत ठेवावे. 20 गॅलन पेट्रोलचे वजन 120 पौंडांच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ एका माणसाचे. मागे वजन हवे म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकण्याची कल्पना प्रत्येक नवख्याला सुचते. तपासणीत सुटी वस्तू चालत नाही, आणि चालली असती तरी वळणात सरकणारे पोते नेमके नको त्या क्षणी वजन फेकते.

स्टिअरिंगविषयी एवढेच, की चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेते ते मोजावे. तीनपेक्षा अधिक असतील तर 12.7:1 गुणोत्तराची जलद पेटी बसवावी, कारण शंकूंच्या रांगेत हात एकमेकांवरून टाकायला वेळच मिळत नाही. आणि त्याहूनही आधी बसण्याची जागा. सी-10 चे लांब, गुळगुळीत बाक हे या गाडीचे सौंदर्य असले तरी ऑटोक्रॉसमध्ये ते शत्रू आहे. वळणात तुम्ही बाकावरून घसरता, मग स्वतःला सावरण्यासाठी स्टिअरिंगला लोंबकळता, आणि जे हात गाडीला काय हवे ते ओळखण्यासाठी आहेत ते शरीराचा भार पेलण्यात अडकतात. कडांना उंच असलेली एक आसनी खुर्ची चासीशी मजबूत जोडलेल्या पट्ट्यांवर बसवली की त्याच गाडीत, त्याच टायरवर, नवा माणूस पहिल्याच दिवशी वेगळा चालवू लागतो. मी ज्यांना ज्यांना ही खुर्ची आधी घ्यायला लावली त्यांच्यापैकी एकानेही नंतर तक्रार केलेली नाही.

ब्रेकवर मोठा खर्च नको. पुढे डिस्क, मागे ड्रम ही मूळ जोडी मिनिटभराच्या फेरीत तापत नाही. ताजे ब्रेक ऑइल, थंडपणी चावा घेणारे पॅड, नवे रबरी होज, आणि मागचे चाक आधी अडकत असेल तर मागच्या दाबाचा जुळवता येणारा व्हॉल्व्ह, इतके पुरे.

हे सारे झाल्यावर टायर. 15 इंची चाकांवर या गाडीला शोभेल अशा उंचीचा आणि खऱ्या पकडीचा टायर मिळणे अवघड आहे, म्हणून 17 इंची, साडेनऊ इंच रुंद चाके घ्यावीत. बोल्टचे वर्तुळ पाच बोल्टांचे आणि पाच इंचांचे, म्हणजे 127 मिलिमीटरचे आहे. त्यावर 275/40 आर 17 टायर चारही बाजूंना बसतो आणि त्याचा व्यास 25.7 इंच येतो. विकत घेण्याआधी पुढचे चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला घासते का ते पाहावे. हवेचा दाब पुढे 36 आणि मागे 30 पौंडांपासून सुरू करावा. मग साधा पांढरा खडू घेऊन टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढाव्यात. फेरी संपवून आल्यावर वाकून पाहावे. रेघ कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसली गेली असेल तर दाब बरोबर आहे. खुणेच्या खालपर्यंत पुसली असेल तर टायर कुशीवर लोळतो आहे, दोन पौंड वाढवावेत. खुणेच्या बरीच वर रेघ शाबूत असेल तर दोन कमी करावेत. मागचा भाग हलका असल्याने तिथे बहुधा 28, कधी 26 पर्यंत उतरावे लागते. उन्हात टायर तापून दाब चढतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी गेज लावावे.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी पेटी, तपासावे. डॅशबोर्डमधील झाकणाच्या कप्प्यातील सांकेतिक क्रमांकांच्या चिठ्ठीवर जी-80 असे असेल तर कारखान्याचा गव्हर्नर-लॉक आत आहे. तो दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की झटक्याने कुलूप लावतो, आणि तेही फक्त मंद वेगात. चिखलातून निघायला ही युक्ती चांगली, पण वळणाच्या मध्यात तो झटका नको असतो. त्याऐवजी क्लच प्लेटचा किंवा गिअरचा लिमिटेड-स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणारा डिफरन्शियल, घालावा आणि त्याच वेळी मागच्या धुरीचे गुणोत्तर 3.73 करून घ्यावे. त्यामागचे कारण हिशेबात दिसते: तुमच्या 700-आर-4 चा दुसरा गिअर 1.63 चा आहे, 25.7 इंचांचा टायर आणि 3.73 धरले तर इंजिनाच्या मिनिटाला 5,000 आवर्तनांना वेग ताशी 63 मैल येतो. म्हणजे निघाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकावे आणि फेरी संपेपर्यंत गिअरला हात लावू नये. हीच गाडी 3.08 वर असेल तर दुसऱ्या गिअरचे टोक 76 मैलांवर जाते, आणि 305 इंजिन मंद वळणांतून बाहेर पडताना मरगळलेले वाटते. पुष्कळ लोक हा दोष इंजिनाचा समजून 350 विकत घेतात. गुणोत्तर बदलल्यावर ते इंजिन पुरेसे वाटू लागते.

इंजिनाला पहिल्या वर्षी फक्त जपावे. लांब वळणात तेल एका बाजूला चढून पंप कोरडा पडू शकतो, म्हणून आडव्या पट्ट्या असलेले तेलपात्र बसवावे आणि दाबाचा खरा, आकडे दाखवणारा गेज लावावा. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल तर तो बदलू नये. त्याची इंधनाची लहान वाटी मधोमध असल्याने वळणातही इंधन बरे पोचते. ओतीव लोखंडाचा इनटेक मॅनिफोल्ड काढून अ‍ॅल्युमिनियमचा घातला तर शक्तीपेक्षा पुढच्या अ‍ॅक्सलवरचे वजन कमी होते, आणि आपल्याला तेच हवे आहे.

शेवटचा विषय चालवण्याचा, कारण गाडीच्या रुंदीवर कुठलाही सुटा भाग उपाय करत नाही. पहिल्या पिढीची मियाटा ही माझदाची छोटी दोन आसनी मोटार 66 इंच रुंद आहे, सी-10 सुमारे 80. शंकूंच्या रांगेतून जाताना मियाटाच्या तुलनेत तुमच्या गाडीची मध्यरेषा प्रत्येक शंकूपासून 7 इंच अधिक दूर राहावी लागते, म्हणजे एका शंकूकडून दुसऱ्याकडे जाताना 14 इंच अधिक आडवे जावे लागते, आणि तेही 117.5 इंचांच्या लांब पल्ल्यावर. म्हणून शंकू गाठण्याच्या आधी स्टिअरिंग वळवायला सुरुवात करावी आणि मागचे चाक शंकूजवळून जात असताना पुढचे चाक पुढच्या शंकूसाठी वळलेले असावे. पहिल्या शंकूला उशीर झाला तर चौथ्याला तो दुप्पट होतो. सकाळी मार्ग पायी फिरू देतात तेव्हा चालकाच्या जागेवरून चालावे, म्हणजे उजवीकडे सुमारे पाच फूट गाडी आहे असे मानून. उजवे मागचे चाक सर्वाधिक शंकू पाडते.

पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मध्ये फक्त हवेचा दाब बदलावा. शॉकअब्सॉर्बरचे खटके, बार, काहीही नको. प्रत्येक फेरीनंतर दाब, खडूची रेघ, वेळ आणि गाडी पुढून सरकली की मागून, हे वहीत लिहावे. नवी चाके लावलेली असल्याने पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंच लावून सारे नट पुन्हा तपासावेत, आणि घरी पोचल्यावर चासीतील खाचेच्या कवचाचे बोल्टही एकदा आवळून पाहावेत.